पारोसा

"किती दिवसांनी आंघोळ घालता याला?" डॉक्टरांनी विचारलं. वर्गात हात वर करणाऱ्या मुलीच्या उत्साहाने मी सांगून टाकलं, "दर बुधवारी आणि दर रविवारी. कधी चुकत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

पेंद्या, आमचा कुत्रा, टेबलावर उभा राहून मागच्या पायाने बरगडीपाशी खाजवत होता. दुसऱ्या पायाची नखं पत्र्यावर टकटक वाजत होती. पोटाच्या कडेचे केस विरळ झाले होते, खालची कातडी लालसर, पाठीवर कोंड्याचे पापुद्रे. आणि वास. कालच बुधवार झाला होता, तरी ताकाचं भांडं विसळायचं राहून गेल्यावर येतो तसला आंबूस वास.

"इतकी आंघोळ घालूनही वास जात नाही हो," मी म्हणाले.

"घालूनही नाही. घालून घालून."

आता त्यांना कुठून सांगायला सुरुवात करणार? हा बुधवार-रविवारचा रतीब मी लावलेला नव्हताच. तो 'पारोसा' या शब्दाने लावलेला होता.

पारोसा म्हणजे आंघोळ न केलेला, एवढंच कोशात सापडेल. आमच्या घरात तो अख्खा कायदा होता. पारोशाने तुळशीला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीला तर नाहीच नाही. पारोशा माणसाने देवघरात नुसतं वाकून पाहिलं तरी पाठमोऱ्या बसलेल्या आईंना कळायचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. 1961 साली लग्न होऊन त्या पंचवटीत, काळाराम मंदिराच्या मागच्या अंगाला एका वाड्यात आल्या. कार्तिकात महिनाभर पहाटेच्या अंधारात गंगेवर जाऊन स्नान. (नाशकातली जुनी माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत. गंगेवर जाऊन येते, गंगेला पूर आलाय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, असंच बोलणं.) 2003 आणि 2015, दोन्ही सिंहस्थांत त्या गर्दीतून वाट काढत रामकुंडात डुबकी मारून आल्या होत्या. पुढे वाडा पडला, आम्ही इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आलो, गंगा लांब गेली. कायदा मात्र सामानाबरोबर आला.

2017 च्या गणपतीत लेकाने एक पिल्लू आणलं. तांबूस रंग, लोंबते कान, अर्धा गावठी आणि उरलेला बहुधा लॅब्राडोर. पुढचा एक पाय लंगडत होता. आईंनी सोफ्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर पेंद्या." कृष्णाचा तो लंगडा सवंगडी. नाव त्यांनीच ठेवल्यावर पिल्लू परत जाणार नाही हे आम्ही ओळखलं. पाय पंधरा दिवसांत बरा झाला, नाव राहिलं. अट तेवढी पहिल्याच दिवशी घातली गेली: "ठेवा. पण पारोसा घरात फिरायचा नाही."

त्यांचं म्हणणं रोजची आंघोळ. घासाघीस होऊन आठवड्यातून दोनदावर सौदा ठरला.

मग गच्चीवर बादल्या. सुरुवातीला आमच्याच न्हाणीघरातला चंदनाचा साबण, मग आईंची शिकेकाई, मग माझी अक्कल चालली आणि लहान बाळाचा शॅम्पू आला. बाळाच्या डोळ्यांना झोंबत नाही तर कुत्र्याला काय होणार, असा माझा हिशेब. नरक चतुर्दशीला तर कमाल. पहाटे सगळ्यांची अभ्यंगस्नानं उरकली, लेकाने दाराशी कारीट फोडलं, आणि आई वाटीत उरलेलं उटणं माझ्या हातात देत म्हणाल्या, "त्यालाही घाल. सूर्य उगवायच्या आत नाही न्हाला तर नरकात जाईल बिचारा." त्या पहाटे गच्चीवर काकडत, तेल-उटण्याने माखलेल्या, माझ्याकडे अत्यंत तिरस्काराने पाहणाऱ्या कुत्र्याला धुताना नरक नेमका कोणाला भोगावा लागतोय असा प्रश्न मला पडला होता. पुढचे चार दिवस तो भिंतीला अंग घासत फिरला. आम्ही म्हटलं, फटाक्यांनी बावरलाय.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. शॅम्पूचं तेवढं सांगितलं.

डॉक्टर निफाडकडचे, घरची द्राक्षबाग. त्यांनी मला विचारलं, फवारणीच्या आधी पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, का बघतात माहीत आहे का? नाशकात राहून हे माहीत नाही म्हणायची सोय नसते. माझा मामेभाऊ बागेतच वाढलेला. सामू चुकला की औषध वाया जातं. "तसंच," डॉक्टर म्हणाले. माणसाची कातडी आम्लधर्मी, सामू साडेपाचच्या आसपास. कुत्र्याची सातच्या जवळ, जवळपास उदासीन. आपल्यासाठी बेतलेला साबण त्याच्या अंगावर बसतच नाही. त्यातून आपल्या कातडीच्या वरच्या थरात पेशींच्या दहा-पंधरा ओळी, त्याच्या तीन ते पाच. ती उणीव केस आणि तेल भरून काढतात.

"द्राक्षाचा घड हातात घेतला की मण्यावर पांढुरकी झिलई दिसते ना?" ते म्हणाले. "बोटाने पुसा, मणी चमकायला लागतो. दिसायला छान. पण तो टिकायचा नाही. तुम्ही दर तीन-चार दिवसांनी याला पुसताय."

त्यांनी सांगितलं ते असं. कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी तेलग्रंथी असतात. ते तेल केसांवर पसरतं, पाणी बाहेर ठेवतं आणि ओल आत धरून ठेवतं. ते सारखं धुतलं गेलं की कातडी कोरडी पडून खाज सुटते, खाजवून ओरखडे होतात. कातडीवर एरवी गुमान राहणारे जंतू आणि बुरशी मग तिथे माजतात. तो आंबूस वास त्यांचा. वास आला म्हणून आम्ही आणखी धुवायचो. आतला दाट केसांचा थर वाळायच्या आत पुढचा वार उजाडायचा. आणि आपल्यासारखा कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, बाकी गारवा तो जीभ बाहेर काढून धापा टाकून मिळवतो. म्हणजे घामाघूम झालाय, चिकट झालाय, म्हणून धुवा, हे आपलं आपल्यावरून.

(द्राक्षांचा विषय निघालाच आहे म्हणून: कुत्र्याला द्राक्षं, बेदाणे, मनुका अजिबात देऊ नका. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हंगामात आपल्याकडे घरोघरी पेट्या येऊन पडतात आणि मुलं टेबलाखाली मणी टाकत असतात.)

उपचार काय दिला असेल? आंघोळ. मला हसूच आलं. औषधी शॅम्पूने महिनाभर आठवड्यातून दोनदा, म्हणजे पुन्हा बुधवार आणि रविवार. फरक एवढाच की फेस लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, तेवढा वेळ औषध कातडीला भिडलं पाहिजे. त्यानंतर मात्र महिन्या-दीड महिन्याने एकदा, बास. मध्ये चिखलात लोळला, काही घाणेरडं अंगाला लावून आला, तर तेवढं अपवादात्मक.

दहा मिनिटं! फेसाने भरलेल्या कुत्र्याला धरून दहा मिनिटं काय करायचं हे कोणत्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं. दोन मिनिटांत तो अंग झाडतो आणि फेस भिंतींना. पहिल्या दिवशी मी मोबाइलवर वेळ लावली, ओल्या हाताने ती बंद पडली. आई गच्चीच्या दारात खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या होत्या. म्हणाल्या, "घड्याळ कशाला हवं? मी रामरक्षा म्हणते. सावकाश म्हटली की दहा मिनिटं होतात."

खरंच होतात.

मी त्या स्तोत्राकडे आयुष्यात पहिल्यांदा लक्ष दिलं ते गच्चीवर, गुडघ्यात कुत्रा धरून. रामरक्षा डोक्यापासून पायापर्यंत उतरत जाते. डोकं राघवाने राखावं, कपाळ दशरथाच्या मुलाने, डोळे कौसल्येच्या, कान विश्वामित्राच्या लाडक्याने. मग नाक, तोंड, जीभ, गळा, खांदे, हात, छाती, बेंबी, कंबर, मांड्या, गुडघे, पाय. एकेक अवयव, एकेक राखणदार. आई जिथे असत तिथे माझा हात आपोआप जायला लागला. कान म्हटलं की कानामागे, गळा म्हटलं की पट्ट्याखाली. त्यांनी ते बघितलं आणि मुद्दाम लय धरली. गळ्यापाशी थांबायच्या. "तिथे झालं का नीट?"

आणि असं म्हणता म्हणता एका बुधवारी, मांडीच्या आतल्या बाजूला, माझ्या बोटाला तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. गोचीड.

तो शॅम्पूचा महिना संपत आला होता. मला वाटलं होतं की इतका धुतला जाणारा कुत्रा, त्याला गोचीड कशी होईल? पण गोचीड रुतून बसते, आंघोळीने सुटत नाही. आपल्याकडच्या कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घरातच, भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे अंडी घालते, एक मादी हजारोंनी. कुत्रा चकचकीत आणि घर गोचिडांचं, असं होऊ शकतं. आईंनी रॉकेलचा बोळा सुचवला, शेजारच्या काकांनी उदबत्तीचा चटका. दोन्ही चूक. चिमट्याने कातडीलगत धरायची, सरळ वर ओढायची, नखावर चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची. मग मी पुन्हा डोक्यापासून सुरुवात केली. कानाच्या घडीत दोन, पंजाच्या बोटांमध्ये एक. बोटांमध्ये मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. रामरक्षेत पायांना नंबर शेवटी येतो आणि तोवर आम्ही दोघंही कंटाळलेले असायचो.

चार दिवसांनी त्याने पोळी सोडली. गूळ-पोळी सोडली म्हटल्यावर आम्ही घाबरलो. ताप, हिरड्या पांढुरक्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट उतरलेल्या. गोचीड ताप. गोळ्यांचा मोठा कोर्स झाला आणि तो त्यातून उठला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत. लवकर आणलं कारण गोचीड सापडली होती आणि आम्ही त्याच्याकडे लक्ष ठेवून होतो. त्यानंतर मानेवर टाकायचं औषध सुरू झालं. त्याची गंमत अशी की ते कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं, म्हणून टाकायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. आमच्या जुन्या वेळापत्रकात असे पाच दिवस सापडलेच नसते.

तेव्हापासून आमच्याकडे आंघोळ आणि विंचरणं यांची फारकत झाली. माझं स्पष्ट मत आहे, कुत्र्याची आंघोळ बहुतेकदा आपल्या नाकासाठी असते. विंचरणं त्याच्यासाठी असतं. रोज संध्याकाळी पाच-सात मिनिटं रबरी ब्रश: मेलेले केस निघतात, तेल टोकापर्यंत पसरतं, आणि हात सगळीकडून फिरतो. गाठ, ओरखडा, कुठे हात लावला की दचकतो, हे आंघोळीच्या धबडग्यात कळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचे केस जे झडतात त्याला तोड नाही. एकदा आई देवासाठी वाती वळत बसल्या होत्या आणि पेंद्या त्यांना टेकून झोपला होता. संध्याकाळी निरांजन लावलं तर केस जळल्याचा वास. त्या दिवशी फार मोठं काहीतरी होईल असं मला वाटलं. आईंनी वात बदलली, देवाला हात जोडले आणि एवढंच म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी चार-चार असतात, त्याला सवय आहे."

सगळ्यांच्या कुत्र्यांना आमचा हिशेब लावू नये. खालच्या मजल्यावरची शिह त्झू वेगळी; तिचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात, रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो, महिन्या-दीड महिन्याने कात्री लागते. गेटवरच्या राखणीच्या गावठी काळूला कोणी जन्मात धुतलेलं नाही आणि त्याच्या अंगाला पेंद्यापेक्षा कमी वास येतो. हे मी कबूल करते. आणि समोरच्या इमारतीतल्या पॉमेरेनियनचं तर वाईट झालं. एप्रिलचं ऊन, म्हणून हौसेने त्याचे केस दुकानात मशीनने अगदी बारीक करून आणले. दाट, दुहेरी केसांच्या कुत्र्याला ते केस थंडीत पांघरूण तसे उन्हात छत्रीही असतात. सुटसुटीत दिसतो म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे केस आले ते ठिगळं लावल्यासारखे, कुठे दाट, कुठे नाहीच.

नखांचं माझ्याच हातून झालं. पेंद्याची नखं काळी, आतली नस दिसत नाही. मी एकदा खोल कापलं. फरशीवर रक्ताचे ठिपके, लेक रडायला लागला, आईंनी धावत हळद आणली. मक्याचं पीठ दाबून धरलं तरी थांबतं, हे नंतर कळलं. आता टोकं तेवढी, थोडी थोडी, आणि बाकीचं डांबरी रस्ता झिजवतो. कान मात्र मी सोडत नाही. कुत्र्याच्या कानाची नळी आत जाऊन काटकोनात वळते; पाणी गेलं की परत येत नाही, आणि लोंबत्या कानात हवाही खेळत नाही. न्हाऊ घालताना दोन्ही कानांत कापसाचे बोळे, नंतर आठवणीने काढायचे. ते एकदा विसरले होते. तीन हाका मारल्या तरी बघेना, मला वाटलं रुसलाय.

आपल्याकडे रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. जुन्या गावात पेशवाईपासूनच्या रहाडी उघडतात आणि माणसं त्या रंगीत पाण्याच्या हौदात धप्पकन उड्या टाकतात. बिल्डिंगमधली पोरं रहाडीपर्यंत जात नाहीत, त्यांनी पेंद्याची रहाड केली. हिरवा, जांभळा आणि मध्येच चंदेरी. रंगाची मला भीती वाटते ती तो चाटतो म्हणून. चंदेरी तर घासूनही निघेना आणि घासत राहिलं तर पुन्हा कातडीचं तेच. दोन पाण्यांत निघाला तेवढा काढला. उरलेला उन्हाळा तो हिरवट शेपूट घेऊन फिरला. पुढच्या वर्षीपासून त्या दिवशी सकाळी त्याला खोबरेल तेलाचा हात लावून घरातच ठेवतो.

थंडीत आम्ही आंघोळ जवळजवळ घालतच नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा इथे एक आकडी होतो, निफाडकडे बागायतदार घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात, आणि अशात कोणी आपल्या कुत्र्याला पहाटे नळाखाली धरलेलं दिसलं की मला तिथे थांबून भांडावंसं वाटतं. अगदीच वेळ आली तर दुपारी, गच्चीवर ऊन असताना, कोपर बुडवून बघितलेल्या कोमट पाण्याने, आणि मग दोन टॉवेल. एरवी ओलं फडकं पिळून पाय पुसायचे. गेल्या वर्षी गंगापूर रोडला सोमेश्वरपाशी फिरायला नेलं होतं, साहेबांनी गंगेत उडी घेतली आणि पाणवेली, गाळ आणि एक कुजका मासा असं सगळं अंगावर घेऊन वर आले. जानेवारीचा पहिला आठवडा होता. गाडीच्या काचा उघड्या टाकून आम्ही कुडकुडत घरी आलो. लेक म्हणाला, "आजी, पेंद्याने गंगास्नान केलं." आईंनी नाकाला पदर लावला. "पुण्य लागलं असेल. आता आधी धुवा त्याला."

आई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या पोटऱ्यांना खाज सुटली, कातडी कागदासारखी कोरडी, पांढरट. त्यांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं जे पेंद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कढत पाणी नको, साबण कमी, एक दिवसाआड आंघोळ, मधल्या दिवशी अंग पुसून घ्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा त्या पारोशा राहणार होत्या. त्या सकाळी त्या बराच वेळ पलंगावरून उठल्या नाहीत. मी चहा घेऊन गेले तेव्हा पेंद्या खाली पाय पसरून पडला होता आणि आई त्याला विचारत होत्या, "तुझी कधी झाली रे?"

"पंधरा ऑगस्टला," मी म्हणाले. तेव्हा नोव्हेंबर चालू होता. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं होतं, राहून गेलं होतं.

"मग हा माझ्यापेक्षा सोवळा," त्या म्हणाल्या, आणि कप घेतला. यातलं लॉजिक मला अजून लागलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही बिघडवून ठेवली आहे. त्या औषधी महिन्यापासून पेंद्याच्या डोक्यात रामरक्षा म्हणजे फेस, हे पक्कं बसलंय. दिवेलागणीला आईंनी पहिली ओळ उच्चारली की तो उठतो, शेपूट आत घालून आतल्या खोलीत जातो आणि पलंगाखाली शिरतो. स्तोत्र संपून पाच मिनिटं झाल्याशिवाय बाहेर येत नाही. कितीतरी वर्षं असं चाललं. आईंनी खडीसाखर दाखवून पाहिली, मी बिस्किट. नाही म्हणजे नाही.

हल्ली आई रामरक्षा मनातल्या मनात म्हणतात. निरांजन लावून आरामखुर्चीत बसतात, ओठ हलतात, एक हात खाली सोडलेला असतो. तो कानामागून मानेवर येतो, मानेवरून पाठीवर. पेंद्या डोळे मिटून पडलेला असतो, एक कान तेवढा उभा.